जॅकवेल आणि प्रशांत महासागर

तुम्ही खोटं बोललात. कोपऱ्यात नाही, कुणाच्या कानात नाही. भर मांडवात, कारखान्याचे चेअरमन म्हणून गळ्यात हार असताना, माईक तोंडाला लावून खोटं बोललात. खाली सतरंजीवर सभासद बसले होते, आणि सतरंजी संपून जिथं माती लागते तिथं बन्सीची बायको सोजरबाई बसली होती. तिनं तुमचा शब्द न् शब्द ऐकला. तुम्ही म्हणालात, "ज्ञानदेव आमच्या घरचा माणूस होता. त्याच्या भावाला, बन्सीला, कारखाना विमानात बसवून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर पाठवील. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते तो शिकून येईल. यापुढं आपल्या जॅकवेलमध्ये एकही माणूस दम कोंडून उतरणार नाही." टाळ्या पडल्या. तुम्ही रुमालानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते, पण पुसले.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भ्यालो म्हणून नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतील, एकाच माणसावरचा राग आहे. तुम्ही एकटे कुठं आहात?

आणि ज्ञानदेव तुमच्या घरचा माणूस म्हणे. तुमच्या घरात तो कुठपर्यंत येत होता? जोत्याच्या कितव्या पायरीपर्यंत?

सोजरबाईचं सासर घोडनदीच्या काठचं, इनामगावच्या खालच्या अंगाला, बौद्धवस्तीत. तिच्या सासरची माणसं बुड्या मारणारी. डोहात वाढलेली, पाणी परसानं मोजणारी. एक परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहील एवढी खोली. कुणाचा पोहरा विहिरीत पडला, कुणाच्या इंजनाचा फुटव्हॉल्व गाळात रुतला, कुणाच्या सुनेनं विहीर जवळ केली, की वस्तीवर निरोप यायचा. ज्या विहिरीवर यांच्या घागरीला मज्जाव, तिच्याच तळाशी जाऊन पाटलाच्या सुनेचं मढं खांद्यावर घेऊन यायला यांचाच माणूस लागायचा. मढं निघालं की विहीर उपसून काढायचे. ती मढ्यामुळं उपसायची का उतरलेल्या माणसामुळं, हे कुणी तोंडानं बोललं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

या लोकांची एक रीत होती. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर त्याच्या बायकोनं धरायचा. भावानं नाही, मित्रानं नाही, शेतमालकाच्या गड्यानं तर नाहीच. सोजरबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला आधी दोर शिकवला. "बोटात धरायचा, सूनबाई. मुठीत न्हाई. मुठीला काय कळत नसतंय. आन् दोर हातात आसंस्तवर कुणाशी बोलायचं न्हाई. पंतप्रधान आला तरी न्हाई." तिनं तेव्हापासून बन्सीचा दोर धरला होता, आणि पाण्याखाली नवरा काय करतो आहे, हे तिला बोटांतून कळायचं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच आटल्या, तेव्हा सगळी वस्ती खडी फोडायला गेली. पाऊस परत आला आणि पाठोपाठ नदीकाठी साखर कारखान्याची चिमणी उभी राहिली. नदीत कारखान्यानं जॅकवेल बांधली. जॅकवेल म्हणजे आठ परस खोल सिमेंटची विहीर, नदीचं पाणी आत घेऊन पंपानं वर ओढणारी. तिच्या तळाच्या जाळीला शेवाळ, पाचट, मेलेलं कुत्रं, काय काय येऊन चिकटायचं. जाळी बसली की पंप कोरडा, पंप कोरडा की गाळप बंद. मग जीप धुरळा उडवत वस्तीवर. हंगामापुरतं कामावर घ्यायचं, हंगाम सरला की "ये आता" म्हणायचं, असा ज्ञानदेव तीन हंगाम तिथं उतरला.

पण गेटच्या आत बाईमाणसाला परवानगी नाही. नियम. ज्ञानदेवाची बायको रंभा गेटवर बसून राहायची आणि दोर कारखान्याचा हेल्पर धरायचा. एका पौषातल्या सकाळी हेल्परला साहेबांनी दुसऱ्या कामाला पिटाळलं, आणि हेल्परानं जाताना दोर कठड्याला बांधला. कठड्याला काय कळणार? ज्ञानदेवाचा पाय जाळीत अडकला. त्याला बाहेर काढून सतरंजीत गुंडाळला आणि लगेच पंप चालू केला. गेटवरच्या रंभाला आधी भोंगा ऐकू आला. गाळप सुरू झालं म्हणजे नवरा वर आला, असं समजून ती पदर झटकून उठली होती.

वस्तीनं गेट अडवलं, तालुक्याच्या गावी मोर्चा नेला. म्हणून तर तुम्हाला मांडवात डोळे पुसावे लागले.

फिलिपाईन्सचा दौरा तुमचा आधीच ठरला होता. संचालक मंडळाचा अभ्यासदौरा. तिथंही ऊस, तिथंही साखर. ती बघायला तुमची सात माणसं विमानानं जाणार होती. यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, तिथं किनाऱ्यावर एक शाळा आहे, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून माणसं निवांत पाण्याखाली फिरतात, मासे बघतात. हिवाळ्यात तिकडं पाऊस नसतो, समुद्र नितळ असतो, शाळा तेव्हाच चालते. सात जणांत आठवा बन्सी. मोर्चाही गप्प, पेपरात फोटोही.

बन्सीला ही सहल कशाला हवी होती, ते नीट सांगतो, नाहीतर कुणाला वाटेल बेट्याला विमानाची हौस. ज्ञानदेव गेल्यावर त्याच हंगामात भावाच्या जागी तोच उतरला होता. तीन महिन्यांत त्याच्या उजव्या कानातून रक्त यायला लागलं. दौंडच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "पडदा फाटलाय. छातीपण बरी नाही. असाच दम कोंडून उतरत राहिलास तर एक दिवस खालीच राहशील." दुसरं काम त्याला कारखाना देईना, जॅकवेल नाहीतर घर. म्हणून ते नळकांडं. पाठीवर दम घेऊन उतरायला मिळालं तर बन्सी जगणार होता. सोजरबाईला एवढंच कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

सगळा पावसाळा तयारीत गेला. शाळेतल्या गुरुजींकडून बन्सीनं जगाचा नकाशा मागून आणला आणि अंगणात पसरून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. सोजरबाईचा धाकटा भाऊ पोपट यवतच्या ढाब्यावर कामाला होता, तोही सुट्टी काढून आला होता.

"ह्यो आपला देश," बन्सी म्हणाला. "ह्ये समदं निळं पाणी. आन् हितं हे ठिपकं हायती ना, तिथं जायाचं."

"आपली घोडनदी कुठाय?" सोजरबाईनं विचारलं.

"न्हाई दावली."

"भीमा?"

"ती बी न्हाई."

"मंग ह्यो कसला नकाशा, दाजी?" पोपट म्हणाला. "परत येताना इमानवाल्यानं इचारलं, कुठं सोडू, तर काय सांगशीला? यवतच्या ढाब्यावर सोड म्हणा. म्या शेव-भाजी तयार ठेवतो."

"तुझी शेव-भाजी खाऊन आलो तर समुद्रात उतरायची गरजच न्हाई. पाणी आपणहून बाहीर पडंल."

सोजरबाई हसली नाही. ती त्या निळ्याकडं बघत होती. "आवो, तिथं दोर कोण धरनार?"

"तिथं दोरच नसतो म्हनं."

"मंग मानूस वर कसा येतो?"

"आपला आपन. दम पाठीवर आसतो ना. घाई कसली?"

"परक्या पान्यात, बिनदोराचं?"

"आगं, तिथं तळ दिसतो तळ. हितं मला सोताचा हात दिसत न्हाई डोळ्याम्होरं. ज्ञानूदादाचा पाय बी मला चाचपून काढावा लागला." एवढं बोलून बन्सी नकाशावरचे दगड उगाच सरळ करत बसला.

कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, पाण्याखाली नाक बंद राहतं, श्वास तोंडानं घ्यायचा. झालं. बन्सी रोज संध्याकाळी नाकाला फडकं बांधून अंगणात बसायचा आणि तोंडानं श्वास घ्यायचा. येणारे जाणारे विचारायचे, "काय रं, कुणाचा वास मारतोय?" तो हातानंच सांगायचा, गप बसा, शाळा चालू आहे. पासपोर्टसाठी दौंडच्या स्टुडिओत फोटो काढला. स्टुडिओवाल्यानं त्याचा कोट घालायला दिला. तो कोट तालुक्यातल्या अर्ध्या नवरदेवांनी घातलेला. पोलीस चौकशीला आला, त्यानं विचारलं, "तू? फॉरेनला?" आणि चहा पिताना तीनदा तेच विचारलं. बन्सीनं तेही हसण्यावारी नेलं.

आधीच्या उन्हाळ्यात तो इनामगावच्या पांढरीवर, जुन्या गावठाणाच्या टेकाडावर, उकरायला मजुरीनं गेला होता. तिथले शिकलेले लोक हजारो वर्षांमागची माणसं मातीतून काढत होते. त्यानं बघितलेलं तो पोपटला सांगायचा. "सांगाडं निघाले, पर पाऊल न्हाई. घोट्यापासनं तोडलेली. तिथलं साहेब म्हनले, मेलेल्यानं गाव सोडून जाऊ नये म्हनून तोडत आसतील."

"मेल्यावर व्हय," पोपट म्हणाला. "म्हंजी लई भली मानसं व्हती."

दसरा झाला. बॉयलर पेटला, पूजा झाली, उसाची पहिली मोळी टाकली, हंगाम सुरू झाला. विमानाचा दिवस जवळ आला तशी सोजरबाईनं बन्सीची दोन धोतरं आणि कुणाकडून तरी आलेली एक विजार धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. मिरचीचा ठेचा बरणीत भरला. मग एका सकाळी बन्सी विचारायला म्हणून गेटलगतच्या ऑफिसात गेला, आणि गेटबाहेर उभ्या सोजरबाईला खिडकीतून सगळं ऐकू आलं. साहेब लोक हळू बोलत नाहीत. त्यांना गरज पडत नाही.

"अरे, तू गेलास तर जाळी कोण काढणार?" मोठे इंजिनिअर म्हणाले.

"साहेब, शिकायला तर जायाचं ठरलंय."

"ठरलंय ना. पण हंगाम चालू आहे. हंगामात सुट्टी कुणाला मिळते का?"

"तिथं हिवाळ्यातच शिकवत्यात, साहेब."

"आणि कारखाना पण हिवाळ्यातच चालतो."

"मंग म्या जाऊ कवा?"

"हंगाम संपल्यावर बघू."

"तवा तिकडं वादळं आसत्यात. तुमच्याच कंपनीवाल्यानं सांगितलं."

इंजिनिअर हसले. बरोबरचे दोघंही हसले. "मग तू आणि तो समुद्र, दोघं मिळून ठरवा बाबा."

हे तुम्हाला आधी दिसलं नव्हतं का? मांडवात बोलताना दिसलं नव्हतं? ज्या माणसाला हिवाळ्यात एक दिवस सोडता येत नाही, त्याला तुम्ही हिवाळ्याची सहल दिलीत. तुमच्या डोक्यात तेव्हाच दुसरा कुणीतरी बसला होता.

तो हौसराव. तुमचा पुतण्या, टाइम ऑफिसातला सुपरवायझर. नदीत गुडघ्याच्या वर ज्यानं कधी पाणी लावून घेतलं नाही, तो आठवा म्हणून गेला. "तो शिकून येईल आणि बन्सीला शिकवील," असं ठरलं. हार घालून त्याला दौंडच्या स्टेशनावरून मुंबईच्या गाडीत बसवला. बन्सी पण गेला होता सोडायला. परत आल्यावर सोजरबाईनं त्याला आधी घरात पाय ठेवू दिला नाही. "त्येची पेटी बी उचलली आसंल तुमी?"

"उचलली."

"लाज?"

"आगं, शिकून येतील. मला दावतील. मला दम मिळाल्याशी कारन. त्यो कुणाच्या हातानं का येईना."

बरणीतला ठेचा तिनं वस्तीत वाटून टाकला.

मग त्या हंगामात तिनं एक गोष्ट केली. पहिल्यांदा जाळी बसली आणि जीप आली, तेव्हा ती बन्सीबरोबर जीपमध्ये चढून बसली. गेटवर शिपायानं अडवलं. ती म्हणाली, "दोर माझ्या हातात आसंल तर ह्ये उतरतील. न्हाईतर न्हाई." नियम दाखवून झाले, दम देऊन झाला. आत पंप कोरडा होता, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. बन्सी गेटबाहेर दगडावर बसून राहिला, आणि गाळप बंद. शेवटी वरून निरोप आला, सोडा बाईला. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी जॅकवेलच्या काठावर ती उभी राहिली. बन्सी दम कोंडून उतरायचा, वर यायचा, कानातलं रक्त खांद्याला पुसायचा, परत उतरायचा. तिच्या बोटांना कळत होतं, प्रत्येक खेपेला त्याची ओढ कमी पडते आहे. "येऊ द्या तुमच्या हौसरावाला लवकर," ती म्हणायची. तिलाही आता त्याचीच वाट होती. एवढ्या खाली आणलं होतं तुम्ही तिला.

हौसराव आला. उन्हानं रापलेला, फुलाफुलांचा शर्ट, काळा चष्मा. त्याचा सत्कार झाला. माईकवर त्यानं सांगितलं की तिकडं नारळ केवढाला असतो, समुद्र कसा काचेसारखा असतो, आणि पहिल्या दिवशी होडीतच त्याला अशी उलटी लागली की दोन दिवस हॉटेलात पडून काढले. सगळे हसले. तोही हसला. फोटो फिरले, एकात त्याच्या हातात हा एवढा मासा होता. मासा बाजारातला होता, हेही त्यानंच सांगितलं. मनमोकळा गडी. येताना त्यानं पितळी तोटीचं नळकांडं, रबराची नळी, चष्मा आणि बदकाच्या पायासारखी रबरी पावलं आणली. नळकांडं रिकामं होतं. भरलेलं विमानात घेत नाहीत.

गेस्टहाउसच्या व्हरांड्यात त्यानं बन्सीला शिकवलं. "हे तोंडात धरायचं. श्वास घ्यायचा, सोडायचा. झालं. पाणी तर तुला माहीतच आहे."

"साहेब, जपायचं काय काय?"

"काही नाही रे. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही."

आता टाकी भरायची कशानं? त्याला लागणारं यंत्र कारखान्यात नव्हतं. पुण्यात चौकशी केली, कुणी नीट सांगेना. आणि तुम्हाला घाई. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढं बन्सीला उतरवायचा होता. तेव्हा हौसरावच्या डोक्यातून निघालं की आपल्या वर्कशॉपात गॅसवेल्डिंगला ऑक्सिजन आहेच की. वेल्डर दगडोबानं आधी हात मागं घेतला.

"साहेब, ह्यो वेल्डिंगचा हाय. मानसाला चालतोय का?"

"दवाखान्यात मरायला टेकलेल्या माणसाला काय लावतात?"

"ऑक्सिजन."

"मग? साध्या हवेपेक्षा चांगलाच. भर."

दगडोबाला ते पटलं. मलाही पटलं असतं. तुम्हालाही. इथल्या कुठल्याही माणसाला पटलं असतं, कारण आमच्याकडं ऑक्सिजन म्हणजे शेवटच्या घडीला मिळणारी मोठ्या लोकांची चैन. दगडोबानं सांधा जुळवला आणि रात्रपाळीच्या सिलिंडरमधून ते नळकांडं भरून दिलं. बन्सीनं व्हरांड्यात एक झुरका घेऊन बघितला आणि सोजरबाईला म्हणाला, "गार लागतंय. छाती मोकळी झाल्यागत वाटतंय." किती दिवसांनी त्याचा चेहरा असा उजळला होता.

झेंडा झाला. बँड वाजला. जॅकवेलच्या काठावर खुर्च्या मांडल्या होत्या, पोपटही सुट्टी काढून बघायला आला होता. बन्सीच्या पाठीवर नळकांडं बांधलं. सोजरबाई दोर घेऊन पुढं झाली तेव्हा हौसराव म्हणाला, "आता दोर कशाला, बाई? फोटोत काय दिसेल ते!" बन्सीनं दोर तिच्या हातातून घेतला आणि पट्ट्याखालून कमरेला बांधला. मग दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "ह्या खेपंला तुला लई येळ उभं ऱ्हावं लागंल बग," तो म्हणाला. "म्या आरामात येनार हाय."

तो उतरला. एक परस, दोन परस, सोजरबाईच्या बोटांवरून दोर सरकत गेला. बुडबुडे वर येत होते. नेहमी ज्या वेळेला तो वर येऊन धापा टाकायचा, ती वेळ गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी तुमच्या खांद्यावर थाप मारली. दोर तळाशी जाऊन थांबला. तिच्या बोटांना कळलं, तो जाळीशी आहे, हात चालवतो आहे, सावकाश, घाई नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा पाण्यात असताना ती आज पहिल्यांदा नीट श्वास घेत होती.

आणि एकाएकी दोर थरथरायला लागला. तो काही सांगत नव्हता. कुणी सांगण्यासाठी असा दोर हलवत नाही. खाली काहीतरी सारखं आपटत होतं.

"वडा!" ती ओरडली. "पोपट, वडा!"

पोपट धावला, दगडोबा धावला. बँडवाले वाजवतच होते. बन्सी वर आला तो लाकडासारखा ताठ, नळी तोंडातून सुटलेली, जीभ दातांत सापडून फाटलेली, डोळे पांढरे. पालथा घातला, पाणी काढलं. श्वास आला. नुसता श्वास आला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टाकीत काय होतं?"

दगडोबा म्हणाला, "ऑक्सिजन. चांगला, साहेब. प्युअर."

डॉक्टर खुर्चीवर मागं टेकून म्हणाले, "त्यात साधी हवा भरतात. नुसता ऑक्सिजन एवढ्या खोलीत विष होतो. माणसाला झटके येतात. हे शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात. पहिल्या दिवशी." दगडोबा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. सोजरबाईनं त्याचा हात धरला. मारून घ्यायचं ते दुसऱ्यांनी. पण दुसऱ्यांपैकी तिथं कुणीच नव्हतं.

बन्सी जगला. मेला असता तर तुम्ही आणखी एकदा डोळे पुसले असते. तो आता दारात बसतो. बायकोला ओळखतो का, हे तिलाही सांगता येत नाही. भरवलं तर खातो. मधूनच तो छाती फुगवून दम कोंडून धरतो आणि तसाच बसतो. तोंड काळंनिळं होत जातं. मग सोजरबाई हातातलं टाकून पळत येते आणि त्याच्या पाठीत जोरात धपाटा मारते, तेव्हा तो श्वास घेतो. दिवसातून कितीदा तरी. त्यामुळं तिला कामाला लांब जाता येत नाही. पोपट ढाबा सोडून तिच्याकडं येऊन राहिला आणि उसाच्या तोडीवर जायला लागला.

तुमची चौकशी झाली. बन्सीनं घाबरून नळी सोडली, असं त्यात निघालं. जो माणूस लहानपणापासून मढी काढत आला तो सिमेंटच्या विहिरीत घाबरला. वा. नळकांडं काचेच्या कपाटात गेलं. हौसराव पाण्याखालच्या कामाचं शिक्षण घेऊन आलेला तालुक्यातला एकमेव माणूस, म्हणून तो सेफ्टी ऑफिसर झाला.

पुन्हा दसरा झाला. पुन्हा मोळी टाकली. चार दिवस गेले नाहीत तोच जाळी बसली, आणि दुपारच्या वेळी जीप धुरळा उडवत वस्तीवर आली. हौसराव उतरला. बरोबर दोन शिपाई. बन्सी दारात बसला होता. त्याच्याकडं न बघता हौसराव अंगणात आला. पोपट नुकताच तोडीवरून येऊन भाकरी खात होता.

"पोपटराव," हौसराव म्हणाला. राव लावलं म्हणजे काम मोठं. "तुम्हाला पोहता येतं म्हणे. दाजींबरोबर खूप बुड्या मारल्यात."

"येतंय थोडंफार."

"मग चला. पंप बंद आहे. साहेबांनी सांगितलंय, ह्या वेळेला पर्मनंट करू."

"नळकांडं हाय का?"

"त्याचं नाव काढू नका. जुन्या पद्धतीनं. दम कोंडून. एक-दोन बुड्यांचं तर काम."

पोपटनं भाकरी खाली ठेवली, हात धुतला. त्याच्या डोळ्यांत पर्मनंट हा शब्द उतरलेला सोजरबाईला दिसला. बन्सीच्या डोळ्यांतही तो असाच उतरला होता, ज्ञानदेवाच्याही. पोपट उठून उभा राहिला.

"बस खाली," ती म्हणाली.

"आक्का, बघून तर येतो."

"बस म्हनते ना!"

तो बसला. ती हौसरावच्या समोर जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ की तो एक पाऊल मागं सरकला. शिपाई पुढं झाले, त्यांना त्यानं हातानं थांबवलं.

"साहेब, आमच्या दोन मानसांचं झालं," ती म्हणाली. "आता तिसरा मागायला आलाय. द्यायचा का न द्यायचा, त्ये मागनं बघू. आदी मला एक सांगा. कारखान्यात तुमी किती जण हायसा! चेअरमनसाहेब हायती, त्येंची पोरं हायती, संचालक हायती, इंजिनिअर हायती, तुमी तर समुद्रावरनं शिकूनच आलाय. एवढ्यांत आजपतूर जाळीपाशी कोन गेलंय?"

"हे बघा बाई, ज्याचं काम ज्यानं..."

"कामाचं न्हाई इचारलं म्या. मानसाचं इचारलं. पाच वर्सं झाली चिमणी उभी ऱ्हायल्याला. आजची जाळी काढायला तुमच्या घरातलं कोन उतरतंय? जीप हुबी हाय, पंप बंद हाय, ट्रका खोळंबल्यात. माझी काय घाई न्हाई. म्या हितंच हाय. एकाचं नाव सांगा. तुमच्यातल्या एकाचं. बोला, साहेब. नाव सांगा."